गाळावर वसलेलं शहर : डॅन्यूबच्या मुखावरचं विल्कोवे

युक्रेन युद्धाच्या बातम्या वाचणाऱ्यांना इझमाईल आणि रेनी ही डॅन्यूब नदीवरच्या युक्रेनियन बंदरांची नावं आता ओळखीची झाली आहेत. रात्री तिथे ड्रोन पडतात, धान्याची गोदामं जळतात आणि मग कधी तरी नदीपलीकडच्या रोमानियात ड्रोनचे तुकडे सापडल्याची बातमी येते. याच बातम्यांच्या कडेला आणखी एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. युक्रेनने बिस्त्रे नावाचा कालवा खोल केला म्हणून रोमानिया नाराज होतो. रोमानिया नाटोमध्ये आहे, युद्धात युक्रेनच्या पाठीशी आहे, युक्रेनचं धान्य आपल्या बंदरांतून बाहेर काढून देतो आहे. मग नदीच्या एका फाट्यावरून ही कुरबुर कशासाठी?

याचं उत्तर विल्कोवे नावाच्या छोट्या शहरात सापडतं. ओडेसापासून नैर्ऋत्येला, रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर, जेमतेम सात-आठ हजार वस्तीचं हे शहर आहे. युक्रेनमधलं डॅन्यूबकाठचं हे शेवटचं शहर. त्यापुढे पाणी, लव्हाळी, बेटं आणि समुद्र. इथली जमीन, इथली माणसं, इथले वाद या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नदीने वाहून आणलेला गाळ. तो समजला की बाकीचा गुंता बराच सुटतो.

नदी जमीन कशी तयार करते?

डॅन्यूब जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावते आणि दहा देशांना स्पर्श करत सुमारे २,८५० किलोमीटर वाहून काळ्या समुद्राला मिळते. वाटेत आल्प्स, कार्पेथियन आणि बाल्कन डोंगरांवरची माती उपनद्यांतून तिच्यात येत राहते. पाण्याला वेग असतो तोवर ही माती पाण्यासोबत धावते. समुद्राशी आल्यावर वेग मोडतो आणि माती खाली बसते. गढूळ पाण्याची घागर रात्रभर न हलवता ठेवली तर सकाळी तळाशी चिखलाचा थर दिसतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे घागरीत पाणी ओतणं हजारो वर्षं थांबलेलं नाही.

गाळाचा उंचवटा झाला की नदीची स्वतःचीच वाट अडते. मग ती दोन्ही अंगांनी फुटते, नवे फाटे काढते आणि त्या फाट्यांच्या तोंडाशी पुन्हा गाळ टाकते. फाट्यांचं हे जाळं आणि त्यामधली सखल जमीन मिळून होतो त्रिभुज प्रदेश. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरी हेच करते.

समुद्र कसा आहे यावरही बरंच अवलंबून असतं. कोकणातल्या खाड्यांत भरती-ओहोटी रोज दोनदा पाणी ढवळते आणि गाळ ओढून नेते. काळ्या समुद्रात भरती जवळपास नाहीच, काही सेंटिमीटरांचा फरक पडतो. त्यामुळे डॅन्यूबने आणलेला बराचसा गाळ मुखाशीच साठत गेला.

इथे डॅन्यूबचे तीन मुख्य फाटे होतात : उत्तरेला किलिया, मध्ये सुलिना, दक्षिणेला संत जॉर्ज. निम्म्याहून अधिक पाणी एकट्या किलिया फाट्यातून जातं आणि हाच फाटा युक्रेन-रोमानियाची सीमा आहे. त्रिभुज प्रदेशाचा बहुतेक भाग रोमानियात येतो. युक्रेनकडे साधारण पाचवा हिस्सा आहे, पण तो अगदी ताजा आहे. विल्कोवेपाशी किलिया पुन्हा फुटतो आणि एक छोटा, वेगळा त्रिभुज प्रदेश तयार करतो. तो मुख्यतः गेल्या तीन-चार शतकांतला. विल्कोवे वसलं तेव्हा समुद्र गावाच्या उंबऱ्याशी होता, आज तो पंधरा-अठरा किलोमीटर पुढे गेला आहे. युरोपातल्या सर्वांत तरुण जमिनींपैकी ही एक.

चिखलात घर कसं बांधतात?

दलदलीत खांब रोवून घर बांधता येतं, पण विल्कोवेच्या लोकांनी दुसरा मार्ग धरला. घराच्या जागेभोवती चर खणायचा, निघालेला चिखल मधोमध टाकायचा, वर लव्हाळी अंथरायची, पुन्हा चिखल टाकायचा. चरात पाणी भरून त्याचा कालवा होतो आणि मधला ढीग वाळून अंगण होतं. या कालव्यांना तिथे येरिक म्हणतात. घराच्या भिंतीही गाळ आणि लव्हाळ्यांच्या मिश्रणाच्या, कारण असं घर हलकं राहतं आणि खालची भुसभुशीत जमीन त्याला पेलते. दगडविटांचं जड बांधकाम इथे खचायला वेळ लागत नाही.

जमीन एकदा केली की काम संपत नाही. नदी येरिकांत दर वर्षी नवा गाळ आणते. तो उपसला नाही तर कालवा बुजतो, होडी चालत नाही, पाणी कुजतं. म्हणून तो दर वर्षी हाताने उपसायचा आणि अंगणात, बागेत पसरायचा. यात तीन कामं होतात : कालवा मोकळा राहतो, जमीन पुरापेक्षा थोडी उंच होते आणि बागेला खत मिळतं. विल्कोवेची स्ट्रॉबेरी आणि तिथली घरगुती द्राक्षाची दारू, नोव्हाक, ही दोन्ही या काळ्या गाळावरची पिकं आहेत. अनेकांच्या बागा समोरच्या बेटांवर आहेत. सकाळी होडीने शेतावर जायचं आणि संध्याकाळी टोपल्या भरून परतायचं, हा नेहमीचा परिपाठ. बाकीचं पोट मासेमारीवर चालतं. वसंतात समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा डॅन्यूबचा हेरिंग मासा इथल्या माणसांना जीव की प्राण.

पर्यटनाची पत्रकं विल्कोवेला ‘युक्रेनचं व्हेनिस’ म्हणतात. हे नाव मला पटत नाही. व्हेनिस व्यापाराच्या पैशावर उभं राहिलेलं, राजवाड्यांचं शहर आहे. इथे प्रत्येक कालवा म्हणजे कुणाच्या तरी अंगणासाठी माती काढलेली जागा. सगळं शहर पाण्यावर आहे असंही नाही. मुख्य भागात रस्ते आहेत, मोटारी धावतात, सोव्हिएत काळातल्या इमारती आहेत. होड्यांचा आणि लाकडी पायवाटांचा भाग आहे तो जुन्या वस्तीचा.

अशा जागी राहायला कोण आलं?

सुपीक मैदानं सोडून कुणी दलदलीत हौसेने येत नाही. विल्कोवेची स्थापना परंपरेने १७४६ ची मानली जाते आणि तिथे आलेली पहिली माणसं धर्मासाठी पळून आलेली होती.

गोष्ट शंभर वर्षं आधी सुरू होते. १६५० च्या दशकात रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख निकॉन यांनी पूजाविधी बदलायला घेतले. क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, अलेलुया दोनदा म्हणायचं की तीनदा, असे बदल होते. आज ते किरकोळ वाटतील. ज्यांनी आजी-आजोबांकडून प्रार्थना शिकली होती, त्यांना मात्र त्यात श्रद्धाच उखडली जाताना दिसली. १६६६-६७ च्या धर्मसभेने जुन्या रीतीला चिकटून राहणाऱ्यांना बहिष्कृत केलं. छळ सुरू झाला आणि हजारो लोक साम्राज्याच्या कडेकडेला आणि सीमेपलीकडे पळाले. त्यांना जुने श्रद्धावंत म्हणतात, आणि डॅन्यूबच्या परिसरात लिपोवान.

तेव्हा डॅन्यूबचं मुख उस्मानी तुर्कांकडे होतं. सुलतानाला या ख्रिश्चनांच्या बोटांच्या खुणांशी काही देणंघेणं नव्हतं. ही माणसं कष्टाळू होती, मासे पकडत होती, त्यामुळे त्यांना राहू दिलं गेलं. दलदल त्यांच्या सोयीचीच ठरली. जिथे घोडदळ पोहोचत नाही तिथे झारचा अधिकारीही पोहोचत नाही.

पुढे दुसरे पळालेले आले. १७७५ मध्ये कॅथरीन दुसरीने झापोरिझ्झियाच्या कोसॅकांचा तळ उद्ध्वस्त केला. कोसॅक म्हणजे द्नीपरच्या खोऱ्यातले युक्रेनियन लढवय्ये, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे. त्यांच्यातले काही डॅन्यूबच्या मुखाशी आले आणि १८२८ पर्यंत त्यांचा तळ या परिसरात होता. लव्हाळ्यांच्या या मुलखात आधी आलेल्या रशियन जुन्या श्रद्धावंतांशी त्यांची मासेमारीच्या जागांवरून रक्तरंजित भांडणंही झाली. पण विल्कोवेत कालांतराने दोन्ही वस्त्या शेजारी नांदल्या. आजही शहरात लिपोवानांची चर्चेस वेगळी आहेत आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्सांचं वेगळं.

‘ही माणसं रशियन बोलतात, मग हा भाग रशियाचाच नाही का?’

हा प्रश्न आपल्याकडच्या चर्चांतही ऐकू येतो. रशियन बोलणाऱ्यांच्या रक्षणाचं कारण मॉस्कोने या युद्धासाठी पुढे केलं, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

लिपोवानांची घरची भाषा जुन्या वळणाची रशियन आहे, हे खरं. पण त्यांचे पूर्वज इथे आले ते रशियाच्या सत्तेपासून जीव आणि धर्म वाचवण्यासाठी. रशियन साम्राज्य इथे पोहोचलं १८१२ मध्ये, म्हणजे ते आल्यावर दोन पिढ्यांहून अधिक काळाने. विल्कोवेसमोर नदीच्या रोमानियन काठावर पेरिप्रावा नावाचं गाव आहे. तिथेही लिपोवान राहतात. त्यांची प्रार्थना तीच, आडनावं तीच, मासे पकडायची रीत तीच. ते रोमानियाचे नागरिक आहेत आणि युरोपीय संघात आहेत. ते रशियाचे आहेत असं कुणी म्हणत नाही. भाषेवरून देश ठरवायचा तर एकाच नदीच्या दोन काठांना दोन उत्तरं द्यावी लागतील.

शिवाय इथे झेंडे किती वेळा बदलले ते पाहा. १८१२ पर्यंत उस्मानी तुर्क. मग रशिया. क्रिमियाच्या युद्धात रशिया हरल्यावर १८५६ मध्ये मोल्दाव्हिया, ज्यातून पुढे रोमानिया घडलं. १८७८ मध्ये पुन्हा रशिया. १९१८ मध्ये रोमानिया. १९४० मध्ये सोव्हिएत संघ, १९४१ मध्ये पुन्हा रोमानिया, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. १९९१ पासून स्वतंत्र युक्रेन. एकाच घरात न हलता राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाने चार-पाच राजवटी पाहिल्या असतील. या यादीतून कुणाचाही ‘मूळ हक्क’ सिद्ध करता येत नाही. म्हणूनच १९९१ च्या मान्य सीमा पाळणं हा एकच शहाणपणाचा रस्ता उरतो, असं मला ठामपणे वाटतं.

जहाजाला गाळ नको असतो

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ. गाळाने गाव उभं केलं, पण तोच गाळ जहाजाचा शत्रू. फाट्याच्या तोंडाशी गाळाचा उथळ पट्टा असतो आणि भरलेलं जहाज तिथे अडकतं. तो पट्टा यंत्राने सतत उपसत राहण्याला ड्रेजिंग म्हणतात.

१८५६ च्या पॅरिस तहात युरोपीय सत्तांनी डॅन्यूबच्या मुखासाठी एक आयोग नेमला. चार्ल्स हार्टली या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली आयोगाने मधला सुलिना फाटा निवडला, त्याची वळणं कापून तो सरळ केला आणि तोंडाशी बांध घातले. तेव्हापासून मोठ्या जहाजांची वाट सुलिना हीच झाली, आणि ती आज पूर्णपणे रोमानियात आहे. पाणी सर्वांत जास्त किलियात, पण जहाजांचा रस्ता सुलिनात, असा हा पेच.

सोव्हिएत काळात किलियाच्या एका उपफाट्यातून जहाजं जात, पण नंतर तो गाळाने भरला. मग युक्रेनच्या इझमाईल-रेनीला जाणारं प्रत्येक मोठं जहाज रोमानियाला शुल्क देऊन सुलिनातून नेणं आलं. त्यावर उपाय म्हणून २००४ मध्ये युक्रेनने बिस्त्रे फाटा उपसून स्वतःची वाट उघडली. हा फाटा विल्कोवेच्या पुढे, संरक्षित जीवावरण क्षेत्राच्या मधून जातो. रोमानियाने तेव्हापासून हरकत घेतली आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि युक्रेनची समुद्रावरची बंदरं बंद पडली. युद्धाआधी भारताला सूर्यफूल तेल पुरवणारा सर्वांत मोठा देश युक्रेन होता. त्या मार्चमध्ये आपल्याकडे तेलाच्या डब्याचे भाव चढले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. युक्रेनकडे मोकळा उरलेला पाण्याचा रस्ता म्हणजे डॅन्यूब. सुलिनाच्या तोंडाशी जहाजांच्या रांगा लागल्या. बिस्त्रेचं तोंड वापरता येत नव्हतं, कारण किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवरचं स्नेक बेट रशियाने पहिल्याच दिवशी घेतलं होतं. ३० जून २०२२ ला रशियन सैन्य तिथून निघून गेलं आणि जुलैमध्ये बिस्त्रेतून जहाजं आत येऊ लागली.

युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून सुरक्षित बाहेर नेऊ देण्याचा एक करार दरम्यान झाला होता. पुढच्या वर्षी १७ जुलै २०२३ ला रशिया त्या धान्य करारातून बाहेर पडला. त्यानंतर काही दिवसांतच रेनीवर आणि मग इझमाईलवर हल्ले सुरू झाले. ज्या वाटेने धान्य निघत होतं तीच लक्ष्य झाली. इझमाईलसमोरच्या प्लाउरू या रोमानियन गावाजवळ ड्रोनचे तुकडे सापडले ते त्याच सप्टेंबरमध्ये. पुढे ओडेसाहून किनाऱ्यालगतचा समुद्री मार्ग पुन्हा सुरू झाला आणि डॅन्यूबवरचा भार हलका झाला.

‘युद्ध चालू असताना पक्ष्यांची काळजी कशाला?’

२०२३ च्या सुरुवातीला युक्रेनने बिस्त्रेची खोली ३.९ मीटरवरून ६.५ मीटर झाल्याचं जाहीर केलं. युक्रेनचं म्हणणं होतं की हे नेहमीचं गाळ काढणं आहे. रोमानियाने मोजणीसाठी आपली पथकं पाठवली.

रोमानियाची भीती समजून घ्यायला हवी. पाणी खोल वाटेकडे ओढलं जातं. बिस्त्रे खोल झाला की शेजारच्या फाट्यांत आणि लव्हाळ्यांच्या पाणथळींत कमी पाणी जातं. तिथलं पाणी साचून राहतं, उथळ तळी आटतात, मासे अंडी घालतात त्या जागा जातात. समुद्राचं खारं पाणीही खोल वाटेने आत घुसू शकतं. या प्रदेशात पेलिकनच्या मोठ्या वसाहती आहेत, जगातल्या सर्वांत विस्तीर्ण लव्हाळी-वनांपैकी एक इथे आहे, आणि कॅव्हियार ज्याच्यापासून मिळतं तो स्टर्जन मासा याच पाण्यातून वर चढतो. बिस्त्रेच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर सुरय पक्षी घरटी करत आले आहेत. दोन्ही देशांतलं क्षेत्र मिळून १९९८ मध्ये युनेस्कोने त्याला सामाईक जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. बिस्त्रेचा परिणाम सीमेपलीकडे होण्याची शक्यता मोठी आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगाने २००६ मध्येच काढला होता.

युक्रेनचं उत्तरही पोकळ नाही. सुलिना फाटा गेली दीडशे वर्षं उपसला जातो आहे, त्यानेही पाण्याची वाटणी बदलली आहे. मग निसर्गाचा नियम एकाच काठाला का? आणि २०२२-२३ मध्ये त्या वाटेवर देशाची कमाई आणि कित्येक देशांचं अन्न अवलंबून होतं.

माझ्या मते युद्धात ती वाट उघडणं योग्यच होतं. पण आणीबाणीतली परवानगी कायमची होऊ नये. पक्षी आणि माणसं असे दोन वेगळे पक्ष इथे नाहीतच. ज्या पाणथळीत पेलिकन मासे धरतो, तिथेच वाढलेला मासा विल्कोवेच्या कोळ्याच्या जाळ्यात येतो. पाणी हललं तर त्याचं घरही हलतं.

‘गाळ कमी झाला तर सगळ्यांचंच बरं ना?’

जहाजवाल्यांना तसं वाटेल. आणि गाळ खरोखरच कमी झाला आहे. सर्बिया-रोमानिया सीमेवर ‘आयर्न गेट्स’ नावाची दोन धरणं आहेत, पहिलं १९७२ चं आणि दुसरं १९८४ चं. ती, आणि त्यांच्या वर नदीवर व उपनद्यांवर बांधलेली इतर धरणं, गाळ अडवून धरतात. समुद्रापर्यंत पोहोचणारा गाळ पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाला आहे.

त्याचे परिणाम किनाऱ्यावर दिसतात. रोमानियाच्या बाजूला सुलिनाच्या दक्षिणेचा किनारा लाटा खाऊन टाकत आहेत. किलियाचा भाग पूर्वी झपाट्याने समुद्रात पुढे सरकत होता, तो वेग मंदावला आहे. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे. गाळाची जमीन स्वतःच्या वजनानेही दबत असते, त्यामुळे वरून नवा थर पडत राहिला नाही तर ती हळूहळू बुडते. येरिक उपसून अंगण उंच करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

यावर उपाय विल्कोवेत बसून करता येण्यासारखा नाही. धरणांतला गाळ कसा पुढे सोडायचा, नदीपात्रातला वाळू-उपसा कसा आवरायचा, हे वरच्या देशांनी मिळून ठरवायचं आहे. डॅन्यूबच्या संरक्षणासाठी १९९४ मध्ये करार झाला आणि त्याखाली व्हिएन्नात एक आयोग काम करतो. प्रदूषण हा त्याचा जुना विषय होता, आता त्याच्या कामात गाळही आला आहे. २०१७ पासून नदीकाठच्या देशांतल्या संस्थांनी मिळून संपूर्ण नदीतल्या गाळाचा हिशेब मांडायला घेतला.

स्थानिक पातळीवर जे जमतं ते मात्र सुरू आहे. विल्कोवेच्या वरच्या अंगाला, किलियातल्या येर्माकिव्ह बेटाभोवती सोव्हिएत काळात बांध घातले होते, शेती आणि मत्स्यपालनासाठी. ते बांध काही ठिकाणी फोडून नदीला पुन्हा बेटावर पसरू दिलं गेलं. २०१९ मध्ये तिथे म्हशी सोडल्या. म्हशी लव्हाळी खातात, त्यात वाटा पाडतात, चिखलात लोळून उथळ डबकी करतात, आणि त्या मोकळ्या पाण्यात मासे व पक्षी परत येतात. मुख्य म्हणजे पुराच्या पाण्यासोबत गाळही पुन्हा बेटावर चढतो. येर्माकिव्हला हे जमलं, कारण तिथे वस्ती नव्हती आणि बांध फोडायला कुणाची शेतं आडवी येत नव्हती. जिथे शेतं आहेत, घरं आहेत, तिथे हाच प्रयोग करायचा तर लोकांशी बोलावं लागेल, भरपाई द्यावी लागेल, आणि त्यासाठी आधी युद्ध थांबावं लागेल.